तोंडाने हुशार, कागदावर गप्प

राज्यसेवा मुख्य परीक्षेचं स्वरूप बदललं, ही बातमी आपल्याकडे नीट वाचली गेली ती फक्त अभ्यासिकांमध्ये. २०२५ च्या परीक्षेपासून एमपीएससीने मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली. एकूण नऊ पेपर, त्यातल्या सात पेपरांचे मिळून १७५० गुण आणि वर २७५ गुणांची मुलाखत. उरलेले दोन पेपर मराठी आणि इंग्रजीचे, प्रत्येकी ३०० गुणांचे. हे गुण एकूणात धरले जात नाहीत, पण या पेपरांत २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीची मेहनत वाया. एक अख्खा पेपर निबंधाचा. याआधी सामान्य अध्ययनाचे पेपर बहुपर्यायी होते. गोल काळे करायचे आणि बाहेर पडायचं. आता तीन-तीन तास बसून स्वतःच्या वाक्यांत लिहायचं आहे.

या बदलावरून २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि तो २०२५ पर्यंत पुढे गेला. त्यांची अडचण खरी होती. चार-पाच वर्षं एका पद्धतीने तयारी केलेल्या मुलाला बाविसाव्या वर्षी 'आता लिहून दाखव' म्हणणं सोपं नाही. पण आम्हाला या बातमीत दुसरी गोष्ट दिसते. बावीस वर्षांच्या मुलांना ती उशिरा कळली असेल, आठवी-नववीतल्या मुलांना मात्र अगदी वेळेवर कळली आहे. प्रश्न एवढाच की त्यांच्या घरी ती पोहोचली का.

कारण या वयाच्या मुलांबद्दल आपल्या घरांत एक वाक्य सर्रास ऐकू येतं: "दिमाग तेज है, बस लिखता नई." अम्मी हे कौतुकाने सांगते, अब्बा रागाने सांगतात, आणि दोघेही तिथेच थांबतात. मुलगा तोंडी विचारलं तर धड्याची गोष्ट पाच मिनिटं सांगतो. क्रिकेटच्या मॅचचं वर्णन तर असं करतो की ऐकणाऱ्याने चहा थंड होऊ द्यावा. तोच मुलगा उत्तरपत्रिकेत दीड ओळ लिहितो आणि पेन खाली ठेवतो. निबंध, पत्र, बातमी तयार करणं असे प्रश्न कोरे सोडून येतो. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी पेपरमध्ये २४ गुण एकट्या उपयोजित लेखनाला आहेत. ते सोडून दिले तर उरलेल्या ५६ मधूनच ओढाताण करावी लागते, आणि त्या ५६ मध्येही लिहायचंच असतं.

आळस हा शब्द आपण फार लवकर वापरतो. थोडा हिशोब करून पाहू. २०२५-२६ मध्ये दहावीत असलेलं मूल मार्च २०२० मध्ये चौथीत होतं. शाळा बंद पडल्या तेव्हा ते पाचवीत जाणार होतं. चौथी ते सहावी ही लिहिण्याच्या दृष्टीने फार नाजूक वर्षं असतात. पेन्सिल सुटून पेन हातात येतं, एका वाक्याच्या उत्तरावरून मूल परिच्छेदावर येतं, फळ्यावरचं उतरवणं कमी होऊन स्वतःचं मांडणं सुरू होतं. नेमकी हीच वर्षं आपल्या मुलांनी एका खोलीत, तीन भावंडांमध्ये एक मोबाईल घेऊन काढली. शिक्षकांनी पाठवलेल्या फोटोवरून वहीत उतरवायचं आणि त्याचा फोटो परत पाठवायचा, याला अभ्यास म्हटलं गेलं. पुढे वरच्या वर्गात ढकललं गेलं, पण मधली पायरी कोणी परत बांधून दिली नाही. त्यांच्या मागची दोन-तीन वर्षांची मुलंही याच गाळातून आली आहेत. पहिली-दुसरीत असताना ज्यांची शाळा बंद होती, ती आता सातवी-आठवीत आहेत.

'असर'चा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वयाच्या मुलांवर होता. २६ राज्यांतले २८ जिल्हे. त्यात सुमारे चौथा हिस्सा मुलं स्वतःच्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचू शकली नाहीत, आणि जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता व तो वापरता येत होता. हे आकडे वर्तमानपत्रांत आले, चर्चा झाली. पण त्या पाहणीत वाचन मोजलं गेलं, गणित मोजलं गेलं, मोबाईलवरची कामं मोजली गेली. मुलाने स्वतःच्या मनाने चार ओळी लिहून दाखवाव्यात, हे कोणी मागितलं नाही. २०२५ चा उन्हाळा राज्याने पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी असावी की नसावी या वादात घालवला. एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला, जूनअखेर मागे घेतला गेला, समिती नेमली गेली. कोणती भाषा कोणत्या इयत्तेपासून, यावर सगळ्या पक्षांना मत होतं. शिकवल्या जाणाऱ्या भाषेत मूल पाच वाक्यं लिहू शकतं का, यावर एकाही पक्षाचं मत आमच्या वाचनात आलं नाही.

आता आपल्या घरांतली खास गोष्ट बोलू, कारण ती बाहेरच्या अहवालांत सापडत नाही.

मराठवाड्यात, सोलापुरात, पुण्या-मुंबईच्या आपल्या वस्त्यांत मूल घरी दखनी बोलतं. कोकणात कोकणी बोलतं. सकाळी किंवा संध्याकाळी मकतबमध्ये अरबी वाचतं. शाळा उर्दू माध्यमाची असेल तर उर्दू नस्तालिक लिहितं, मराठी अक्षरभारतीमधून देवनागरी लिहितं, आणि इंग्रजीसाठी रोमन. चार लिप्यांशी रोजची गाठ, त्यात दोन उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या आणि दोन डावीकडून उजवीकडे. हे ओझं आहे असं आम्ही म्हणत नाही. नीट शिकवलं तर ही श्रीमंती आहे. पण एका लिपीची सवय दुसरीत कशी शिरते, हे शिक्षकाला आणि पालकाला माहीत नसेल तर सवयीच्या चुका 'अक्कल नाही' या खात्यात जमा होतात.

उदाहरण घ्या. उर्दूत ज़ेर, ज़बर, पेश रोजच्या लिखाणात लिहीत नाहीत. वाचणारा अंदाजाने लावून घेतो. देवनागरीत प्रत्येक वेलांटी, प्रत्येक उकार कागदावर उमटलाच पाहिजे. मग उर्दूत तयार झालेला हात 'कुटुंब'चं 'कटंब' करतो, 'शिक्षक'चं 'शक्षक' करतो. मुलाच्या कानाला शब्द बरोबर ऐकू आलेला असतो, फक्त हात जुन्या वाटेने गेलेला असतो. उलट दिशेने पाहा. देवनागरीत शिकलेलं मूल उर्दू लिहायला बसलं की 'स' साठी सीन, साद की से, आणि 'ज़' साठी ज़े, ज़ाल, ज़ाद की ज़ोय, इथे अडकतं. कानाने सुटणारं हे कोडं नाही, शब्द डोळ्याने पाहून पाहूनच ते सुटतं.

व्याकरणाचंही तसंच. उर्दूत दोन लिंगं, मराठीत तीन. घरात 'पानी आया' ऐकणारं मूल मराठीत 'पाणी आला' लिहितं. 'मेरी किताब'च्या चालीवर 'माझी पुस्तक' लिहितं. 'मेरा घर' म्हणून 'माझा घर'. वही लाल रेघांनी भरते. शिक्षक चूक दाखवतात, पण चुकीचं कारण सांगत नाहीत. दर वाक्याला एक लाल रेघ मिळणार असेल तर चौदा वर्षांचा मुलगा काय करेल? वाक्यंच कमी करेल. त्यात त्याचा शहाणपणा आहे, असंच आम्हाला वाटतं. जिथे बोललं की मार बसतो तिथे माणूस गप्प राहतो.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांना घरात दखनी बोलणाऱ्या मुलाच्या या ठरावीक चुकांचा एक साधा तक्ता मिळाला असता तर किती काम सोपं झालं असतं. आपल्या समाजात निवृत्त शिक्षक आणि डी.एड. झालेल्या आपा कमी नाहीत. असा तक्ता करायला सरकारी निधी लागत नाही.

दहावीचं वर्ष आलं की आपण क्लास लावतो. क्लासवाले 'अपेक्षित निबंध' देतात. 'माझा आवडता ऋतू', 'मी वृक्ष बोलतोय', 'पुस्तकाचे आत्मवृत्त' वगैरे. मुलं ते तोंडपाठ करतात. विषय थोडा बदलून आला की पाठ केलेला निबंध तसाच उतरवतात, आणि वृक्षाच्या तोंडी पुस्तकाची वाक्यं येतात. हसण्यावारी नेऊ नका. दुसऱ्याची वाक्यं पाठ करून लिहिणं हे लिहिणं आहे, असा त्या मुलाचा कायमचा समज होतो. स्वतःकडे सांगण्यासारखं काही असतं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

मुक्ता साळवे आठवा. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तेव्हा ती आपल्या नववीतल्या मुलींच्या वयाची होती. शाळेत जाऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. तिला 'आवडता ऋतू' दिला असता तर तिनेही कदाचित दोन ओळी लिहून पाटी खाली ठेवली असती. तिने स्वतःच्या लोकांवर काय गुजरतं ते लिहिलं, म्हणून पावणेदोनशे वर्षांनी आपण तिचं नाव घेतो. सगळी मुलं मुक्ता होणार नाहीत. पण पाण्याच्या टँकरपुढच्या भांडणावर, एसटीच्या फेऱ्या बंद झाल्यावर, अब्बांचा लूम बंद पडल्यावर घरात काय झालं यावर आपल्या मुलांना नक्की लिहिता येतं. त्यांना कोणी विचारत नाही.

मग मदत कशी करायची? 'रोज एक पान शुद्धलेखन' हा आपला जुना उपाय. अक्षर सुधारायला तो बरा आहे, पण लिहिता येत नसलेल्या मोठ्या मुलाला त्याने लिहिता येत नाही. तो फक्त उतरवत राहतो. अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेले लेखनाचे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले. सगळ्यात जास्त फायदा दिसला तो मुलांना लिहिण्याच्या पायऱ्या शिकवण्याचा, म्हणजे आधी ठरवायचं, मग कच्चं लिहायचं, मग दुरुस्त करायचं. वाचलेल्या मजकुराचा सारांश लिहून घेण्याचा फायदाही तेवढाच. छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करण्याचा सराव मधल्या जागी होता. आणि नुसतं व्याकरणाचे नियम वेगळे शिकवण्याचा परिणाम चक्क उलटा निघाला. तिकडचं सगळं इकडे जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण आपले क्लास नेमकं उलट करतात, हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

वाक्य जोडण्याचा खेळ घरी करता येतो, आणि त्याला शिकलेले आई-बापच लागतात असंही नाही. मुलाला तीन तुटक वाक्यं द्या: सलीमभाईंचं दुकान आहे. दुकान स्टेशनजवळ आहे. दुकानात जुने टायर मिळतात. आता एक वाक्य कर. मूल म्हणेल, 'सलीमभाईंच्या स्टेशनजवळच्या दुकानात जुने टायर मिळतात.' बघा, यात 'दुकान'चं 'दुकानात' झालं, 'सलीमभाई'चं 'सलीमभाईंच्या' झालं. सामान्यरूपाचा धडा न घेताच सामान्यरूप हातात आलं. रोज पाच वाक्यं, दहा मिनिटं.

दुसरी गोष्ट आधी बोलण्याची. ज्याला लिहिता येत नाही पण बोलता येतं, त्याला बोलूनच सुरुवात करू द्या, आणि तीही दखनीत. तो बोलत असताना आपाने किंवा भाईजानने फक्त चार-पाच शब्द कागदावर टिपायचे: टँकर, उशीर, भांडण, नगरसेवक, बादल्या. मग तो कागद त्याच्यापुढे ठेवायचा. आता कोरं पान राहिलं नाही. ज्या क्रमाने तो बोलला त्याच क्रमाने लिहायचं आहे. पहिल्या कच्च्या लिखाणात त्याने दखनी शब्द घातला, तर घालू द्या. मराठी शब्द दुसऱ्या वेळी शोधता येतो. एकाच वेळी काय लिहायचं, कसं लिहायचं, कोणती वेलांटी आणि कोणतं लिंग, एवढं सगळं डोक्यात धरणं मोठ्यांनाही जमत नाही. हात, कान आणि विचार यांना आळीपाळीने काम द्यावं लागतं.

तपासताना हात आखडता घ्या. एका पानावर एकाच जातीच्या चुका पाहायच्या. या आठवड्यात फक्त वेलांट्या, पुढच्या आठवड्यात फक्त लिंग. बाकी दिसल्या तरी सोडून द्यायच्या. आणि लाल पेनऐवजी पेन्सिल. शिक्षकांना हे सांगितलं की ते म्हणतात, साठ मुलांचा वर्ग आहे, निवडणुकीची ड्युटी आहे, वह्या कधी तपासायच्या? बरोबर आहे त्यांचं. म्हणूनच एका वेळी एकच चूक पाहा असं आम्ही म्हणतो; त्यात वेळही वाचतो.

आणि लिखाणाला खरं काम द्या. आपल्या वस्तीत साध्या अर्जासाठी माणसं तहसीलबाहेर बसलेल्या माणसाला पैसे देतात. रेशनकार्डावर नाव चढवायचंय, वीज बिल चुकीचं आलंय, गटार तुंबलंय, स्कॉलरशिप अडकलीय. यातला प्रत्येक अर्ज घरातलं नववीचं मूल लिहू शकतं. माहिती अधिकाराचा अर्ज घ्या. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लिहायचा असतो, फी दहा रुपये. दीडशे शब्दांत एकच विषय नेमका मांडणं, यापेक्षा चांगला निबंध कोणता? लिहिणार मूल, सही अब्बांची. उत्तर आलं की त्या मुलाला कळतं की आपण लिहिलेलं कोणीतरी वाचतं. दहावीच्या पेपरमधलं औपचारिक पत्रही आपोआप सुटतं.

आता एक वेगळी आणि गंभीर बाजू. काही मुलांच्या बाबतीत हे सगळं करूनही फरक पडत नाही. त्यांच्यात लेखन-अक्षमता असू शकते, ज्याला डिसग्राफिया म्हणतात. ही मुलं मंदबुद्धी नसतात, बहुतेकदा बोलण्यात चुणचुणीत असतात. पेन गच्च धरतात, अर्ध्या पानात हात दुखू लागतो, अक्षरं एकाच ओळीत लहान-मोठी होतात, शब्दांमधली जागा चुकते, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहितात, फळ्यावरचं उतरवायला दुप्पट वेळ लावतात. आपल्या घरांत ओळखण्याची एक ढोबळ खूण आहे, आणि ती आपल्या बहुभाषिक मुलांनाच लागू पडते. मुलाला तीच दहा वाक्यं उर्दूत, मराठीत आणि इंग्रजीत लिहायला सांगा. एका लिपीत ठीक आणि दुसऱ्या लिपीत अडचण असेल तर प्रश्न बहुधा त्या भाषेच्या सरावाचा आहे. सगळीकडे सारखीच तारांबळ असेल आणि तोंडी उत्तरं मात्र चांगली असतील, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. ही घरगुती तपासणी आहे, निदान नव्हे.

कायदा इथे मुलाच्या बाजूने आहे आणि फार थोड्या पालकांना ते माहीत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार धरलेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि तिच्या व्याख्येत डिसग्राफियाचं नाव घेऊन उल्लेख आहे. कलम १६ शाळांना सांगतं की अशी अडचण लवकरात लवकर शोधा. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलती आहेत. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात निकाल दिला. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता, कारण त्याची अक्षमता ४० टक्क्यांच्या मापात बसत नव्हती. न्यायालय म्हणालं, लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही. त्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांपेक्षा कमी अक्षमता असलेल्या, पण लिहिताना अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. नोव्हेंबर २०२१ चा आणखी एक निकाल आहे. डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला 'नीट'च्या केंद्रावर हक्काचा जादा तास दिला नाही. न्यायालयाने पुन्हा परीक्षेचा आदेश दिला नाही, पण तिच्यावर अन्याय झाला हे मान्य केलं आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला त्यावर उपाय करायला सांगितलं. म्हणजे हक्क आहे, पण परीक्षेच्या दिवशी केंद्रावर जाऊन भांडलं तर उशीर झालेला असतो.

आपल्याकडे अडचण कायद्याच्या आधीच येते. 'सर्टिफिकेट' म्हटलं की घरातले मोठे म्हणतात, पोराला पागल ठरवायचंय का? मुलगी असेल तर लगेच लग्नाची काळजी पुढे येते. म्हणून मग तिला दहावीत दोनदा नापास होऊ दिलं जातं, मुलाला गॅरेजला किंवा लूमवर लावलं जातं, आणि चार वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरायची वेळ येते. नापास म्हणून घरी बसवलं की बदनामी होत नाही आणि कागद आणला की होते, हा हिशोब आम्हाला कधीच कळलेला नाही. चष्मा लागला की आपण चष्मा आणतो. जादा तासही तशीच गोष्ट आहे.

प्रमाणपत्राची प्रक्रिया एका दिवसात होत नाही. डोळे आणि कान तपासले जातात, बुद्ध्यांक चाचणी होते, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे तिघे-चौघे पाहतात. मुंबईत सायन, नायर, केईएम या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत ही सोय आहे. बाकी ठिकाणी जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. जाताना मुलाच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या, उत्तरपत्रिका, निकालपत्रकं आणि शाळेचं पत्र सोबत न्या. मूल उर्दू माध्यमाचं असेल तर चाचणी कोणत्या भाषेत होणार, हे आधीच विचारा. मराठीच्या चाचणीत उर्दू माध्यमाचं मूल मागे पडणारच, आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. २०१८ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी लागते, तेव्हा लहानपणीचा कागद घरात आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

मोबाईलबद्दल दोन शब्द, कारण सगळे विचारतात. आता प्रोजेक्ट आणि निबंध मुलं एआयकडून लिहून घेतात. त्यासाठी व्हॉट्सॲपच्या बाहेरही जावं लागत नाही. आमचं मत सरसकट विरोधाचं नाही. मराठी व्हॉइस टायपिंग हे हात दुखणाऱ्या मुलासाठी मोठं साधन आहे. बोलायचं, स्क्रीनवर आलेलं वाचायचं, चुकलेलं दुरुस्त करायचं, मग वहीत लिहायचं. यात विचार मुलाचा राहतो. पण विषय टाकून तयार निबंध घेणं म्हणजे क्लासच्या अपेक्षित निबंधाचीच नवी आवृत्ती. फक्त आता फी नाही.

मकतब आणि मशिदीच्या ट्रस्टांनाही यात जागा आहे. जुन्या मकतबांमध्ये तख्ती होती, बोरूची कलम होती, खुशखतीला मान होता. आज बऱ्याच ठिकाणी नाज़िरा चालतं, म्हणजे वाचन. लिहिणं गायब आहे. जलशांमध्ये कलमचा मोठेपणा सांगताना वक्ते थकत नाहीत, कुरआनमध्ये एका सूरेचं नावच अल-कलम आहे याची आठवण करून देतात, आणि खाली बसलेल्या मुलांपैकी किती जण स्वतःच्या मनाने एक पान लिहू शकतात हे कोणी मोजत नाही. असरनंतर एक खोली, एक आपा, दहा-बारा मुलं, आठवड्यातून तीन दिवस, एवढ्यावर सुरुवात होते. गुणवंतांचे सत्कार आपण दर जूनमध्ये करतो, शाली-ट्रॉफ्यांवर खर्च होतो. त्यातला अर्धा खर्च या खोलीकडे वळवला तर कोणाचा गौरव कमी होणार नाही.

ज्यांची मुलं आठवी-नववीत आहेत त्यांनी वेळेचं गणित आजच पाहावं. दहावीच्या सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, त्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला शोधावा लागतो आणि त्याच्याबरोबर सरावही करावा लागतो, कारण दुसऱ्याला सांगून लिहून घेणं हेही शिकावं लागतं. रुग्णालयातल्या तारखा महिनोन्‌महिने पुढच्या मिळतात. नववीच्या जूनमध्ये सुरुवात केली तर हे सगळं आरामात बसतं. दहावीच्या दिवाळीनंतर धावपळ सुरू केली तर बहुधा बसत नाही. शाळेच्या पुढच्या पालकसभेला जाताना मुलाची मराठीची वही बरोबर घ्या आणि वर्गशिक्षकांना एकच विचारा: यात माझ्या मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेलं पान कोणतं?